पोप फ्रान्सिस गेले, आणि आई विचारत राहिली, "काय म्हनतेत गं ते?"

वडगावशेरीची | २७ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

सोमवारी, २१ तारखेला दुपारी मी ईस्टरचं उरलेलं मटण गरम करत होते. आई हॉलमध्ये ताट घेऊन बसलेली. भावाचा फोन आला, "पोप गेले." मला वाटलं, अफवा असेल. १४ फेब्रुवारीला त्यांना रोमच्या जेमेली हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, तेव्हापासून असे किती मेसेज आले आणि खोटे निघाले. शिवाय आदल्याच दिवशी आम्ही दोघींनी त्यांना मोबाइलवर पाहिलं होतं. सज्जात खुर्चीवर बसून ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या, पुढचा संदेश दुसऱ्यांनी वाचला, आणि मग उघड्या गाडीतून चौकात फेरीसुद्धा मारली.

व्हॅटिकन न्यूज उघडलं तर कार्डिनल फॅरेल माइकसमोर उभे. सकाळी ७:३५ ला रोमचे बिशप फ्रान्सिस पित्याच्या घरी परतले. आपले अकरा वाजून पाच मिनिटं. आई म्हणाली, "म्हंजी आपुन गिरणीत दळण टाकाया गेलतो तवा." तिने ताट सारलं, देवघरातली मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हनतेत गं ते? नीट सांग."

हा धागा त्या एका वाक्यामुळे काढतेय.

आई ७९ वर्षांची. माहेर हरेगावच्या बाजूचं, मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला वर्षानुवर्षं चालत गेलेली. मराठी वाचते, हळू. इंग्रजी येत नाही. आणि गेल्या सात दिवसांत आमच्या घरात जो शोक झाला तो सगळा इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये होता. व्हॅटिकन न्यूजवर हिंदी आहे, तमिळ आहे, मल्याळम आहे. मराठी मला सापडली नाही. हिंदी पान उघडून दिलं तर तिथे "संत पापा" लिहिलेलं. आई म्हणाली, "आपल्यात परमगुरुस्वामी म्हनत्यात." तिने पान मिटलं नाही, पण पुढे वाचलंही नाही.

पहिले दोन दिवस मी एकटीच बघत होते. रात्री दोन-दोनपर्यंत. रोम रिपोर्ट्स, अमेरिकन कॅथलिक चॅनेल्स, यूट्यूबवरचे फादर, एकामागून एक. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. देह अजून त्यांच्या निवासात, सांता मार्तामध्येच होता आणि "पुढचे पोप कोण" याच्या याद्या फोटोंसकट फिरायला लागल्या होत्या. कुणी पुरोगामी, कुणी परंपरावादी, कुणाची शक्यता किती. आणि खालच्या कमेंट! स्वतःला कॅथलिक म्हणवणारी माणसं "बरं झालं, एक काळ संपला" असं लिहीत होती. मी त्या वाचत बसले. का वाचत बसले, सांगता येत नाही. सकाळी उठले तर डोळे सुजलेले, आणि रडले एकदाही नव्हते.

बुधवारी, २३ ला दुपारी साडेबाराला देह सेंट पीटर्स बॅसिलिकात नेताना दाखवणार होते. मी आईला शेजारी बसवलं, मोबाइल टीव्हीला जोडला, कॉमेंटरीचा आवाज बंद केला. म्हटलं, आता मीच सांगते. लाल वस्त्रं, हातात रोजरीची माळ, साधी लाकडी पेटी, उंच चौथऱ्यावर न ठेवता खालीच ठेवलेली. सगळ्यात आधी आईला दिसले ते बूट. "काळेच हायेत. आपल्या फादरसारखे." मी तिला सांगितलं की पूर्वीचे पोप लाल बूट घालायचे, यांनी पहिल्यापासून घातले नाहीत, आणि एकात एक अशा तीन पेट्यांची पद्धतही त्यांनीच बदलायला लावली. मग निळ्या पोशाखातली एक म्हातारी सिस्टर पाठीवर हिरवी सॅक घेऊन पेटीपाशी आली आणि बाजूला उभी राहून रडत राहिली. तिला कुणी हटवलं नाही. ती फिरत्या जत्रेतल्या आणि सर्कशीतल्या माणसांमध्ये राहून काम करते, त्यांची जुनी मैत्रीण, एवढं मी वाचलं होतं, तेवढं सांगितलं. आई म्हणाली, "बोलू नको आता." आम्ही दोघीही रडलो.

त्या दिवसापासून मी कमेंट उघडलेल्या नाहीत.

काल अंत्यविधी होता. रोमचे दहा, आपले दीड. आईने पांढरी साडी नेसली, टीव्हीसमोर खुर्ची न घेता सतरंजीवर बसली. मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये, वाचनं इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, कार्डिनल रे यांचं प्रवचन इटालियनमध्ये. भाविकांच्या प्रार्थना फ्रेंच, अरबी, पोर्तुगीज, पोलिश, जर्मन आणि चिनी भाषेत झाल्या. मी एकेक वाक्य जमेल तसं मराठीत सांगत होते. प्रवचनाच्या शेवटी कार्डिनल म्हणाले की पोप फ्रान्सिस नेहमी "माझ्यासाठी प्रार्थना करायला विसरू नका" असं म्हणून बोलणं संपवायचे, आता तुम्हीच स्वर्गातून आमच्यासाठी प्रार्थना करा. हे सांगताना माझा आवाज गेला. आईनेच वाक्य पुरं केलं.

मग गाडी रोमच्या रस्त्यांवरून सांता मारिया माज्जोरे चर्चकडे निघाली. पायऱ्यांवर गरीब, कैदी, स्थलांतरित माणसं पांढरी गुलाबं घेऊन उभी. पेटी आत गेली. दफन मात्र दाखवलं नाही, तो विधी खासगी होता. आई म्हणाली, "माती द्यायचं दावनार न्हाईत?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरंय."

तुम्ही हे दिवस कसे काढलेत? काय पाहिलंत, काय बंद केलंत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कसं सांगितलंत? जे कॅथलिक नाहीत त्यांनीही लिहा.

---

वसईची_पोर | २७ एप्रिल, रात्री १०:२५

आमच्याकडे आजीला 'सुवार्ता' मासिक आहे, शिवाय चर्चमधून मराठीत सगळं होतं, म्हणून भाषेचा हा त्रास आम्हाला कमी. पण तुमचं वाचून लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवले. ते गेल्या जुलैत गेले. हे दिवस त्यांनी मराठीत कसे लिहिले असते, हेच मनात येतंय.

आजी सारखी २७ मार्च २०२० चा व्हिडिओ लावायला सांगते. लॉकडाउन, पाऊस, अख्खा चौक रिकामा, आणि एकटे पोप पायऱ्या चढतायत. तेव्हा आमच्याकडे आजोबा आजारी होते. सांता मार्तामधली रोजची सकाळची मिस्सा तेव्हा थेट दाखवायचे, आपल्याकडे साडेदहाला. आजोबांनी शेवटच्या मिस्सा मोबाइलवरच ऐकल्या. त्यामुळे मोबाइलला नावं ठेवायला माझं मन धजत नाही.

---

पेठकर | २८ एप्रिल, सकाळी ७:१०

मी कॅथलिक नाही. नाना पेठेत क्वार्टर गेटच्या सिटी चर्चसमोरून लहानपणापासून जातोय. सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये ते चर्च उभं राहिलं, हे वडिलांनी सांगितलेलं. गेल्या आठवड्यात सरकारी इमारतींवर झेंडे अर्ध्यावर होते, तीन दिवसांचा दुखवटा होता, पण त्याच आठवड्यात पहलगाम झालं आणि पुण्यातल्या दोघांचे देह घरी आले. खरं सांगतो, पोपच्या बातमीकडे लक्षच गेलं नाही. तुमचा धागा वाचून वाईट वाटलं की शेजारी कुणाच्या घरी सुतक आहे आणि आपल्याला कळलं नाही.

दोन प्रश्न. नऊ दिवसांचा दुखवटा असतो म्हणतात, तो आपल्या दहाव्या-तेराव्यासारखा का? आणि टीव्हीसमोर बसून मिस्सा पाहिली तर ती धरली जाते का?

---

वडगावशेरीची | २८ एप्रिल, सकाळी ९:०५

पेठकर, तुम्ही विचारलंत हेच खूप. २२ च्या रात्री पहलगामची बातमी आली तेव्हा आम्ही पोपसाठी रोजरी म्हणत होतो. आईने पुढचं दशक, म्हणजे माळेतले पुढचे दहा मणी, त्या माणसांसाठी म्हटलं. गुरुवारी त्या दोघांवर अंत्यसंस्कार झाले, त्या दिवशी तर तिने आधी ते बातमीपत्र लावायला सांगितलं, रोम नंतर. या घरात दोन्ही दुःखं एकाच मेणबत्तीपुढे होती.

नऊ दिवसांना 'नोवेंदियाली' म्हणतात. अंत्यविधीच्या दिवसापासून रोज एक मिस्सा त्यांच्या आत्म्यासाठी. सुतक नाही, शिवाशिव नाही. फक्त प्रार्थना.

टीव्हीवरच्या मिस्सेचं असं, की आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला ती मोठा आधार असते, पण चर्चला जाऊ शकणाऱ्याची रविवारची मिस्सा त्याने होत नाही. मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद पडद्यातून घेता येत नाही ना. पोपचा 'उर्बी एत ऑर्बी' (शहराला आणि जगाला) आशीर्वाद मात्र रेडिओ-टीव्हीवरून भक्तीने घेतला तरी धरतात. ईस्टरच्या दिवशी आईने तो गुडघे टेकून घेतला होता. तो त्यांचा शेवटचा, हे तेव्हा कुणाला माहीत.

---

कॅम्पकर | २८ एप्रिल, दुपारी १२:३०

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून सांभाळून लिहितो. मला जुनी लॅटिन मिस्सा प्रिय आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्यावर निर्बंध आणले तेव्हा मी दुखावलो होतो, आजही ते पटलेलं नाही. ज्या चॅनेल्सबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यांतली काही मी वर्षानुवर्षं बघतो. तिथे श्रद्धेचं शिक्षणही मिळालं, हे नाकारणार नाही.

पण सोमवारी संध्याकाळी मी तिथल्या कमेंट वाचल्या आणि मला लाज वाटली. वडिलांशी भांडण असलं म्हणून त्यांच्या तिरडीपुढे हिशेब काढत नाहीत. २०२१ मध्येच ब्रातिस्लाव्हात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंशी बोलताना पोप म्हणाले होते की एक मोठं कॅथलिक चॅनेल सतत त्यांच्याविषयी वाईट बोलतं आणि हे सैतानाचं काम आहे. तेव्हा मला तो शब्द जास्त कडक वाटला होता. सोमवारी नाही वाटला.

शनिवारी अंत्यविधीतलं लॅटिन ऐकताना डोळे भरून आले. माझा निरोप त्यांनी मला माझ्या भाषेत घेऊ दिला, असं वाटलं.

---

खडकीबाजार | २८ एप्रिल, रात्री ८:५०

कॅम्पकर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आपलं पटत नाही, पण रविवारी भेटलात तर चहा माझ्याकडून.

मी साठीचा. १९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे पुण्यात आले तेव्हा कॉलेजात होतो. गर्दीत उभं राहून उभं राहून पाय मोडून आले होते, आणि प्रत्यक्षात दिसलं ते एवढंसं पांढरं काहीतरी. पण आजही कुणी विचारलं तर मी म्हणतो, मी पोप पाहिलेत. फ्रान्सिस यांना मी बारा वर्षं रोज जवळून पाहिलं, सुरकुत्यांसकट, आणि तरी म्हणवत नाही की पाहिलेत. ते भारतात आलेच नाहीत.

२००५ मध्ये जॉन पॉल गेले ते आपल्याकडे रात्री एकनंतर. सकाळी पेपर आला तेव्हा घरात कळलं. अंत्यविधी टीव्हीवर पाहिला. पेटीवर ठेवलेल्या शुभवर्तमानाची पानं वाऱ्याने उलटत होती आणि मग पुस्तक मिटलं. तेवढं एक दृश्य वीस वर्षं पुरलंय. या वेळी मी शंभर व्हिडिओ पाहिले असतील, आणि काल नातवाने विचारलं, "आजोबा, काय पाहिलंत?" तर पटकन काही सांगता येईना. म्हणून आता ठरवलंय: दिवसातून एकदा, संध्याकाळी, व्हॅटिकन न्यूज, अर्धा तास. महिन्याला 'निरोप्या' येतोच. बास.

आणि एक माहिती बऱ्याच जणांना नसते. ज्यांची इतकी छायाचित्रं निघाली त्या फ्रान्सिस यांनी स्वतः १९९० पासून टीव्ही पाहिला नव्हता. मरियेला तसा नवस केला होता.

---

येरवड्याचा | २९ एप्रिल, दुपारी १:१५

मी आमच्या तरुणांच्या गटाचं इन्स्टा सांभाळतो. गेल्या आठवड्यात अर्धा वेळ खोट्या गोष्टी पुसण्यात गेला. हॉस्पिटलच्या भिंतींनी चर्चपेक्षा खऱ्या प्रार्थना ऐकल्यात, अशा अर्थाचं ते लांब पत्र, पोपनी जेमेलीतून लिहिलं म्हणून फिरत होतं. त्यांचं नाही ते. मजकूर जुनाच, कुणीतरी त्यांचं नाव चिकटवलं. एआयने केलेले फोटो तर विचारू नका.

खोटा फोटो ओळखता येतो हो. पण गटातल्या एका मावशींनी ते पत्र त्यांच्या आजारी मिस्टरांना रोज रात्री वाचून दाखवलं होतं, त्यांना कसं सांगायचं? मी फोन केला नाही, घरी गेलो. त्यांना ६ मार्चचा खरा आवाज ऐकवला, हॉस्पिटलमधून पाठवलेला. धाप लागलेली, स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं. चौकात रोजरीला जमलेल्या लोकांचे आभार. काका म्हणाले, "माझा श्वास असाच लागतो." ते पत्र त्यांनी परत मागितलं नाही.

२७ ला कार्लो अकुतिस संत घोषित होणार होते, ते आता पुढे गेलं. पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये गेलेला मुलगा. ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट त्याने स्वतः बनवली होती. आमच्या पोरांनी तयारी केली होती, जरा हिरमुसली. मी त्यांना म्हटलं, कार्लोने नेट जसं वापरलं तसं हे दहा दिवस वापरून दाखवा.

---

वडगावशेरीची | ४ मे २०२५, रात्री ८:२०

आज चर्चमध्ये जे झालं ते लिहायलाच हवं. मिस्सेत फादर दर वेळी पोपचं आणि बिशपांचं नाव घेऊन प्रार्थना करतात. "आमचे पोप फ्रान्सिस" हे शब्द बारा वर्षं ऐकून कानाला इतकी सवय झालेली की ते ऐकू येतात हेही कळत नव्हतं. पद रिकामं असताना ते नाव गाळतात. मला नियम माहीत होता. फादर त्या जागी आले, क्षणभरही न थांबता पुढे गेले, आणि माझ्या बाजूला आईचे ओठ मात्र हलले. तिने ते नाव घेतलं. सात दिवस मोबाइल बघून जे मला कळलं नव्हतं ते त्या गाळलेल्या शब्दाने कळलं.

येरवड्याचा, ते पत्र मीही चर्चच्या ग्रुपवर पाठवलं होतं. आज तिथेच लिहून कळवलं की ते खोटं होतं.

आणि एक सुरू केलंय. आईच्या माहेरच्या पाच-सहा बायका आहेत, सगळ्या सत्तरीपुढच्या. त्यांच्यासाठी रोज रात्री तीन मिनिटांची व्हॉइस नोट करते. रोममध्ये आज काय झालं, मराठीत, जसं आईला सांगते तसं. आधी आईला ऐकवते, तिला कळलं नाही ते वाक्य बदलते. नवे पोप निवडणाऱ्या 'कॉन्क्लेव्ह'ला ती म्हणाली, "कुलूप लावून बसत्यात ती सभा म्हन." तसंच म्हटलं. १३३ कार्डिनल, त्यांत आपले चार, आणि ८० च्या पुढच्यांना मत नाही म्हणून मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस आत नसतील, हेसुद्धा त्यांना सांगून झालं.

---

नगरकर | ४ मे, रात्री ९:३५

ताई, 'निरोप्या' हे नाव उगाच नाही पडलं. १९०३ साली फादर डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातल्या आपल्याच खेड्यांतल्या माणसांसाठी ते मासिक काढलं, पुढे ते पुण्याचे बिशप झाले. जर्मन माणूस मराठीत निरोप पोचवत होता. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, आजोबा ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि अख्खी आळी ऐकायची. तुमची व्हॉइस नोट माझ्या आईलाही पाठवा. निरोप केलाय.

---

रामवाडी | ८ मे २०२५, रात्री ११:१०

पांढरा धूर!! सगळ्या बातम्यांच्या चॅनेलवर सीमेवरचं चालू होतं, जम्मूत अंधार, मन थाऱ्यावर नाही. मोबाइलवर फक्त ते धुराडं लावून ठेवलं होतं. कौलांवर सीगलची जोडी आणि त्यांचं एक पिल्लू फिरत होतं. नऊ सदतीसला धूर, म्हणजे पोप निवडले गेले. पावणेअकराच्या सुमारास नाव आलं. लिओ चौदावे. पहिलेच शब्द, तुम्हा सर्वांना शांती असो. आजच्या रात्री ते ऐकून अंगावर काटा आला.

पुणेकरांनो, लक्षात आलं का? नगर रोडवरची आपली धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी लिओ तेरावे यांनी स्थापन केलेली. १८९३, श्रीलंकेत कँडीला. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. भारताचे पुत्रच भारताला तारणाचा संदेश देतील, असं तिचं ब्रीद. रोज बसमधून त्या भिंतीपाशी उतरतो, उद्या जरा थांबेन.

---

कॅम्पकर | ८ मे, रात्री ११:४०

देव त्यांना बळ देवो. आज मी कुठलंच विश्लेषण बघणार नाही.

---

वडगावशेरीची | ११ मे २०२५, संध्याकाळी ७:५०

आज मिस्सेत नाव आलं. "आमचे पोप लिओ." फादर किंचित थबकले, नवीन शब्द ना. आई मागून हळूच म्हणाली, "फ्रान्सिस," आणि मग, "लिओ."

आठच्या रात्रीची व्हॉइस नोट मी केलीच नाही. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बोलायच्या आधीच आईने फोन हातातून घेतला. तोंडाच्या अगदी जवळ धरून, ओरडून, जसं शेतातून हाक मारतात तसं: "अगं ऐका गं, मी बोलते. नवीन परमगुरुस्वामी मिळालेत. लिओ नाव हाय. चौदावे. शांती असो म्हनले. लढाई चाललीय न्हवं, म्हनून तेच म्हनले आसतील. आता झोपा, सकाळी सांगते." आणि फोन मला परत दिला, "धाड."

नगरकर, तुमच्या आईंनाही तीच पाठवली आहे. आवाज मोठा आहे, कानापासून जरा लांब धरायला सांगा.